वकिलांसाठी नाटकवाल्यांचं वर्कशॉप केलं, कसं होतं ते सविस्तर

आधीच सांगते, हे लांबलचक होणारे. गेल्या महिन्यात पुण्यात ट्रायल करणाऱ्या वकिलांसाठी दोन दिवसांचं वर्कशॉप झालं, शनिवार-रविवार, शिकवायला एक नाटकाचे दिग्दर्शक, एक कीर्तनकार ताई आणि जवळजवळ पस्तीस वर्षं सेशन्स कोर्टात फौजदारी केसेस करणारे एक सीनियर वकील. फी साडेचार हजार, चहा-जेवण धरून. मी परत आल्यापासून बाररूममध्ये (कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत) निदान दहा जणांनी विचारलं की कसं होतं, पैसे वसूल झाले का, आपल्याकडे ज्युरी (निकाल देणारे सामान्य नागरिक) नाही काही नाही तर नाटक शिकून करायचं काय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पैसे वसूल झाले. पण सगळंच चांगलं होतं असं नाही, आणि जे खरंच कामाचं निघालं ते जाहिरातीत लिहिलेलंच नव्हतं.

जाहिरातीत होतं प्रभावी युक्तिवाद, आवाज, देहबोली वगैरे. मी त्यासाठी गेले नव्हते. माझं कारण वेगळं होतं आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी ३२६ च्या (धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत) एका केसमध्ये मी आरोपीतर्फे होते, जखमी साक्षीदाराचा क्रॉस, म्हणजे उलटतपासणी. रात्री दोन वाजेपर्यंत बसून प्रश्न काढले होते, नंबर घालून, चार फुलस्केप भरून. साक्षीदार सरतपासात (त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाने आधी घेतलेल्या साक्षीत) म्हणाला होता की बल्बच्या उजेडात बघितलं, आणि क्रॉसमध्ये मध्येच कुठेतरी सहज बोलून गेला की अंधार होता पण आवाजावरून ओळखलं. मी ऐकलं. म्हणजे कानावर पडलं, पण माझी नजर पुढच्या प्रश्नावर होती आणि मी तो पुढचा प्रश्न विचारला. आवाज किती लांबून आला, काय शब्द होते, अजून कोण ओरडत होतं, आरोपीशी आधी कधी बोलणं होतं का, यातलं एकही विचारलं नाही. संध्याकाळी नोट्स वाचताना आमचे सर (वर्कशॉपवाले नव्हेत) म्हणाले, "अगं, त्याने दिलं होतं तुला, तू घेतलंच नाहीस." त्या केसचा निकाल लागलेला आहे, त्यावर बोलत नाही, पण ते वाक्य तेव्हापासून डोक्यात बसलेलं.

आणि वर्कशॉपच्या पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास ते दिग्दर्शक बोलता बोलता म्हणाले, नटाचं अर्धं काम बोलणं नसतं, समोरच्याने दिलेलं घेणं असतं. मी वहीत तेवढंच लिहिलं त्या तासाचं.

सकाळचं काम एकच होतं. आपली एखादी निकाली निघालेली केस, नावं-गावं बदलून, दोन मिनिटांत सांगायची आणि एकही कलम उच्चारायचं नाही. आम्ही बावीस जण होतो, पहिल्या फेरीत एकालाही जमलं नाही. सगळ्यांची सुरुवात "यातील फिर्यादी हे दिनांक अमुक रोजी" इथूनच, आणि तीन वाक्यांत "सबब" आलंच. आपल्याला ती भाषा इतकी अंगवळणी पडलीये की एका माणसाच्या डोक्यात कुऱ्हाड बसली हे आपण "उपरोक्त हत्याराने दुखापत केली" असं सांगतो आणि आपल्यालाच त्यात काही खटकत नाही. दिग्दर्शक मध्ये फक्त प्रश्न विचारायचे. कोण कुठे उभं होतं? ती बाई दारात होती म्हणजे आत की बाहेर? हातात काय होतं? भांडण सुरू झालं तेव्हा चूल पेटलेली होती का? चुलीच्या प्रश्नाला एकजण चिडले, म्हणाले याचा केसशी काय संबंध. मग लक्षात आलं की चूल पेटलेली असेल तर संध्याकाळ, आणि फिर्यादीत वेळ दुपारी तीनची. (ती केस संपलेली होती. बिचारे नंतर जेवतानाही गप्पच होते.)

मग घटनास्थळ पंचनामा जमिनीवर मांडायचा. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. नाटकाच्या तालमीत रंगीत चिकटपट्टी लावून सेट आखतात ना, खोली इथे, दार इथे, तसं. बारामतीकडच्या एका वकिलांची बांधावरच्या मारामारीची केस घेतली, चतुःसीमेसकट पंचनामा वाचत वाचत विहीर, गोठा, ओटा, बांध सगळं पट्टीने आखलं, गोठा म्हणून तिथला एक काळा फ्लॅट (नाटकाच्या सेटची उभी चौकट) उभा केला, आणि डोळ्यांनी बघितलेल्या साक्षीदाराच्या जागी मला बसवलं, कारण तो ओट्यावर बसून विडी ओढत होता असं त्याच्याच जबाबात होतं. बसल्यावर मला बांध दिसेना. उभी राहिले तर थोडासा. ते वकील तीन वर्षं तो पंचनामा घेऊन तारखा करत होते आणि गोठा आड येतो हे कधी लक्षातच आलं नव्हतं, कारण कागदावर सगळ्या गोष्टी एकाखाली एक लिहिलेल्या असतात, कोण कोणाच्या आड येतं ते कागदावर दिसत नाही. मी आता चेंबरमध्ये खडू आणून ठेवलाय. क्लायंट गेल्यावर फरशीवर आखते.

कीर्तनकार ताईंचं सेशन दुपारी होतं आणि खरं सांगायचं तर जेवणानंतर कीर्तन म्हणजे आता झोप येणार असंच वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग, त्यात अभंग घेऊन तत्त्व मांडायचं, मध्ये नामघोष, मग उत्तररंगात आख्यान. त्यांनी विचारलं तुमचा पूर्वरंग कुठला? आम्ही म्हटलं कायदा, निवाडे. मग त्या म्हणाल्या की पूर्वरंगातच बुवांनी सगळी पोथी वाचून टाकली तर आख्यानाला लोक उठून जातात. आणि आपण नेमकं तेच करतो, आठ निवाडे आधी वाचतो आणि वस्तुस्थितीकडे येईपर्यंत साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, पेन खाली ठेवलेलं असतं. यावर आमच्यात बराच वाद झाला, कारण न्यायाधीशाला शेवटी निकाल लिहायचा असतो, त्यात मुद्दे, निष्कर्ष, कारणं असा क्रम ठरलेला असतो आणि नुसती गोष्ट सांगून त्याच्या हाताला काही लागत नाही. शेवटी ताईंनीच तोड काढली, अभंग एकच घ्या, पण असा घ्या की आख्यानातली प्रत्येक गोष्ट त्याच्याकडे परत येईल. म्हणजे पहिल्याच मिनिटाला एका वाक्यात मुद्दा, ओळख पटते की नाही एवढाच, आणि मग बल्ब, अंतर, अंधार, ओळख परेड उशिरा का झाली, हे सगळं त्या एका वाक्याला टेकलेलं. निवाडा जिथे लागेल तिथे, प्रमाण म्हणून. मला हे इतकं पटलं की मी घरी येऊन एका पेंडिंग मॅटरचा लेखी युक्तिवाद परत लिहायला घेतला.

रविवारी सकाळी सीनियर वकिलांनी (पुढे नुसतं सर म्हणते) नानावटी खटला घेतला. आपल्याला वाटतं तो सगळ्यांना माहितीये. २७ एप्रिल १९५९ ला नौदल अधिकारी कावस नानावटींनी मुंबईत प्रेम अहुजाला गोळ्या घातल्या, ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं, सेशन्स जजना ते पटलं नाही म्हणून त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. सरांनी आमचे दोन गट केले, एकाने बचावाची गोष्ट सांगायची, दुसऱ्याने सरकार पक्षाची. बचावाची गोष्ट आजही ऐकायला जबरदस्त आहे, समुद्रावरून घरी आलेला नवरा, अहुजाशी संबंध असल्याची बायकोने दिलेली कबुली, तू तिच्याशी लग्न करणार का, मुलांना सांभाळणार का असं अहुजाला विचारायला गेलेला बाप, आणि रिव्हॉल्व्हरसाठी झालेली झटापट. ऐकताना घशात येतं. सरकार पक्षाची गोष्ट नुसतं वेळापत्रक. दीडला घरातून निघाले, बायकोमुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर गेले, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, अहुजाच्या ऑफिसात गेले, तिथे नाही म्हणून घरी गेले, चार वीसला खून. जवळपास तीन तास. सुप्रीम कोर्टाने तेच धरलं, एवढ्या वेळात माणूस भानावर येऊ शकतो.

आणि मग टॉवेल. अहुजा नुकताच आंघोळ करून आलेला, अंगावर टॉवेल, आणि बॉडी सापडली तेव्हा टॉवेल जागेवर होता. सरांनी दोन पोरांना उभं केलं, एकाच्या ट्रॅकपँटवर टॉवेल गुंडाळला आणि म्हणाले करा झटापट. दोनदा केली, दोनदा टॉवेल सुटला. हॉलमध्ये कोणी काही बोललं नाही. एका वस्तूने आख्खी गोष्ट पाडली आणि ती वस्तू पहिल्या दिवसापासून रेकॉर्डवर होती. सर म्हणाले, ज्युरीला गोष्ट आवडली, वरच्या कोर्टांनी ती पुराव्याला लावून बघितली, तुमची गोष्ट टॉवेलला लावून बघत जा. जाता जाता, त्या एका खटल्यामुळे ज्युरी गेली असं सरसकट सांगितलं जातं, पण ज्युरी आधीपासून टप्प्याटप्प्याने बंद होत होती आणि १९७३ च्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) तिला जागाच उरली नाही. पारशी विवाह कायद्यात आजही डेलिगेट (ज्युरीसारखे निकालात भाग घेणारे समाजातले लोक) असतात हे मात्र मला तिथेच कळलं.

एका ज्युनियरने विचारलं की सर, मग वक्तृत्वाला काही किंमतच नाही का. सर म्हणाले १९०८ ला टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली, एकवीस तासांहून जास्त बोलले, मुंबई हायकोर्टात, तरी ज्युरी ७ विरुद्ध २ ने विरोधात गेली, सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा. पण त्यांचं बोलणं अजून शिल्लक आहे, हायकोर्टात कोरलेलं आहे. वक्तृत्वाचं काम कधी कधी त्या कोर्टापुरतं नसतंच, पण तुमचा क्लायंट त्या कोर्टात उभा असतो, एवढंच बोलून पुढे गेले.

क्रॉसचा सराव रविवारी दुपारी. नियम एकच, हातात कागद नाही आणि तुमचा प्रश्न साक्षीदाराच्या उत्तरातला शेवटचा शब्द घेऊन सुरू झाला पाहिजे. सुरुवातीला खूप अवघड गेलं. पण दहा मिनिटांनी असं व्हायला लागलं की समोरच्याचं उत्तर संपेपर्यंत तुम्ही थांबताच, कारण शेवटचा शब्द माहीतच नसतो ना. आपण कोर्टात उत्तर संपायच्या आत पुढचा प्रश्न तोंडात घेऊन उभे असतो. माझ्यासाठी साडेचार हजार इथेच वसूल झाले.

आणि इथेच सरांनी एक गोष्ट नीट समजावली जी नाटकवाल्यांना माहीत असणं शक्य नाही. आपल्याकडे साक्ष बहुतेक वेळा प्रश्नोत्तरात लिहिली जात नाही, साहेब ऐकतात आणि स्टेनोला सलग सांगतात, "हे म्हणणे खरे आहे की", "हे म्हणणे खोटे आहे की". तुमचा आवाज, तुमचा पॉज, तुम्ही भुवई उडवली ते, यातलं काही कागदावर येत नाही आणि अपिलात वरचं कोर्ट फक्त तो कागद वाचतं. साक्षीदाराच्या आविर्भावाबद्दल शेरा मारायची सोय न्यायाधीशांना कायद्यात आहे, पण मी माझ्या अकरा वर्षांत तो शेरा दोनदा बघितलाय. म्हणून पॉज घ्यायचा तो इम्प्रेशन मारायला नाही, साहेबांचं डिक्टेशन आणि स्टेनोचं टायपिंग होईपर्यंत थांबायला, आणि जे हवं ते तसंच उतरलंय का हे स्क्रीनकडे बघून खात्री करायला. ओमिशन-कॉन्ट्रॅडिक्शन (साक्षीदाराने पोलिसांना न सांगितलेलं किंवा वेगळं सांगितलेलं) तर पूजाविधीसारखंच असतं, पोलिसांपुढचा जबाब दाखवायचा, तो भाग मार्क करून घ्यायचा, नंतर तपासी अंमलदाराकडून शाबीत करायचा, तिथे अभिनय करायला गेलात तर एखादी पायरी राहते आणि सगळी मेहनत फुकट जाते.

आता जिथे खटकलं ते. दिग्दर्शकांनी सुचवलं की आपल्या साक्षीदाराकडून घटना तीन-चार वेळा करून घ्या, उभं राहून, म्हणजे भावना मोकळी होईल आणि बोलणं सहज येईल. सरांनी तिथल्या तिथे थांबवलं. म्हणाले याला आमच्याकडे पढवणं म्हणतात. स्वतःचा जबाब वाचायला देणं वेगळं, कोर्ट कसं असतं, पिंजरा कुठे, साहेब कुठे बसतात, प्रश्न नाही कळला तर परत विचारा म्हणायचं, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं, हे सांगणं वेगळं, आणि चार तालमी घेऊन उत्तर गुळगुळीत करणं वेगळं. चार वेळा करून घेतलेली गोष्ट पाचव्यांदा कोर्टात येते तेव्हा ती त्याची आठवण असते की तालीम, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. दिग्दर्शक ऐकून घेत होते पण त्यांना पटत नव्हतं, नटाला तालमीतूनच खरं सापडतं असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या जागी ते बरोबरही असेल. तो वाद चाळीस मिनिटं चालला, वेळापत्रक कोलमडलं, पण माझ्या मते दोन दिवसांतली ही सगळ्यात महत्त्वाची चाळीस मिनिटं होती आणि पुढच्या वेळी त्यांनी हे मुद्दाम सेशन म्हणूनच ठेवावं.

मी त्यात एक मुद्दा मांडला तो इथेही मांडते. मी पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) मॅटर्समध्ये पीडितेच्या बाजूने उभी राहते. लहान मुलीला किंवा बलात्कारातून गेलेल्या बाईला "घडलं तसं करून दाखव" म्हणणं हे शिक्षण नाही, ती इजा आहे. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात अशा साक्षीदारांसाठी वेगळी साक्षकेंद्रं उभी करायला सांगितलं ते उगीच नाही. नाटकातलं तंत्र तिथे वापरायचं असेल तर ते वकिलाने स्वतःवर वापरावं, आपला आवाज खाली आणायला, आपली घाई थांबवायला, "मग?" एवढंच विचारून गप्प बसायला. सरतपासात सूचक प्रश्न (उत्तर सुचवणारे) सहसा चालत नाहीत, त्यामुळे काय, कुठे, कधी, मग काय झालं, यावरच सगळी भिस्त असते आणि हे चार प्रश्न नीट विचारणं किती अवघड आहे ते करून बघा.

बाकी तक्रारी पटकन सांगते. आवाजाचं सेशन आठशे खुर्च्यांच्या थिएटरसाठी होतं, पोटातून आवाज काढा, शेवटच्या रांगेला ऐकू गेला पाहिजे. आमच्या कोर्टात साहेब आठ फुटांवर असतात, डोक्यावर पंखा घरघरतो, बाहेर पट्टेवाला पुकारा करतो, शेजारी दोन वकील तारीख मागत उभे असतात. त्या गोंगाटात न ओरडता कसं बोलायचं हे शिकवायला हवं होतं. आम्हा बायकांना तर कायम एकच सल्ला मिळतो, मॅडम जोरात बोला, आणि जोरात बोललं की चिडलात का. कीर्तनकार ताईंनी चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगितलं की वाक्याच्या शेवटी आवाज पडू देऊ नका, शेवटचा शब्द पहिल्याइतकाच धरा, बस. त्या पाच मिनिटांचा मला पूर्ण दीड तासापेक्षा जास्त उपयोग झाला.

दुसरं म्हणजे एका पाहुण्यांनी तासभर परदेशी ज्युरीपुढच्या भाषणांचे व्हिडिओ दाखवले. बघायला छान, पण त्यातलं आमच्या तालुक्यात काय वापरू? आणि वाटलेले कागद सगळे इंग्रजीत. आपला जबाब मराठीत, साक्ष मराठीत, पंचनामा मराठीत, मग क्रॉसचे नमुने इंग्रजीत कशासाठी? "असे म्हणणे खोटे आहे की" वर एक पानसुद्धा नाही. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाल्यापासून आपल्याकडे ट्रेनिंग म्हणजे जुनं कलम-नवं कलम असा तक्ता झालाय, त्यात हे लोक काहीतरी वेगळं करतायत म्हणून मनापासून सांगते, साहित्य मराठीत करा.

आणि बावीस जण जास्त होतात. क्रॉसच्या सरावात माझा नंबर एकदाच आला.

परत आल्यावर फरक पडला का, तर एक प्रसंग सांगते, मॅटर चालू आहे म्हणून तपशील देत नाही. एका पंचाचा क्रॉस होता. तिसऱ्या प्रश्नानंतर मी कागद टेबलावर पालथा ठेवला. तो बोलता बोलता म्हणाला, "सहीला बोलावलं तेव्हा". मी "तेव्हा" धरून विचारलं, तेव्हा तुम्ही कुठे होतात? तो थांबला. मी पण थांबले, पूर्वी थांबले नसते, पूर्वी मीच घाईने काहीतरी बोलून ती शांतता मोडली असती. साहेबांनी मान वर केली आणि तेच म्हणाले, सांगा. त्याने सांगितलं. स्टेनोने टाइप केलं, मी स्क्रीनवर वाचलं, आणि मग पुढचा प्रश्न.

ज्यांना जायचंय त्यांनी स्वतःची निकाली फाइल घेऊन जा, पंचनाम्याच्या कच्च्या नकाशासकट, नाहीतर जमिनीवर आखायच्या सेशनला नुसतं बघत बसावं लागतं. नुसतं ड्राफ्टिंग किंवा रेव्हेन्यू करणाऱ्यांना फारसा उपयोग नाही. पाच वर्षांच्या आतल्या ज्युनियर्सना फी अर्धी असायला हवी, त्यांनाच हे सगळ्यात जास्त लागतं आणि त्यांच्याकडेच पैसे नसतात, हे मी फीडबॅक फॉर्ममध्येही लिहिलंय. ताई आणि सर दोघेही आमच्याकडे यायला तयार आहेत, प्रवासखर्चावर. एखाद्या रविवारी कोर्टाचा हॉलच मिळावा, खरा पिंजरा, खरं डायस, खरा तो पंखा, म्हणून बार असोसिएशनमार्फत अर्ज लिहिलाय, सोमवारी देणार आहे. सही करायची असेल त्यांनी साडेदहाच्या आत बाररूमला या.